कशासोबत आणि कधी

अश्विन पौर्णिमा जवळ आली की सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर गाड्यांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. सोलापूर, अक्कलकोट, पलीकडे कर्नाटकातलं कलबुर्गी, विजयपूर. सगळीकडून लोक ‘आई राजा उदो उदो’ करत तुळजापूरला चालत निघतात. सोलापुरातून हे अंतर सुमारे 45 किलोमीटर. तामलवाडीच्या अलीकडे-पलीकडे मंडप टाकून चहा, केळी, खिचडी, सरबत वाटलं जातं. त्यातलं काही ताजं असतं, काही सकाळपासून उन्हात ठेवलेलं. पहाटे तुळजापुरातल्या आमच्या दवाखान्याच्या दारात दोन प्रकारचे भाविक येतात: पायाला फोड आलेले आणि पोट बिघडलेले. फोडांचं ड्रेसिंग अर्ध्या तासात उरकतं. पोटाचा कारभार दुपारपर्यंत चालतो.

नर्सिंगच्या परीक्षेत अँटिबायोटिक्स आणि पोटाची औषधं हे दोन वेगळे धडे होते. वॉर्डात ते एकाच ट्रेमध्ये येतात. सेफ्ट्रायॅक्सोन, मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन. शेजारी पॅन्टोप्रॅझोल, ऑन्डॅनसेट्रॉन, अँटासिडची बाटली. नावं, मात्रा, दुष्परिणाम मला पाठ होते. मी त्या वॉर्डात नवीन रुजू झाले तेव्हा आमच्या इन्चार्ज मॅडमनी यातलं काहीच विचारलं नाही. ट्रेकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “यातलं कोण कोणाशेजारी बसत नाही, ते सांग.”

पहिलीच जोडी त्यांनी स्वतः दाखवली. जुलाबाने सुकलेल्या माणसाला बहुतेक वेळा आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट लावतात. त्याच माणसाला तापही असेल आणि टायफॉइडचा संशय असेल तर डॉक्टर सेफ्ट्रायॅक्सोन लिहितात. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रायॅक्सोन त्याला भेटलं की न विरघळणारे कण तयार होतात. नवजात बाळांच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडात असे कण साचून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून 28 दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियमयुक्त सलाईन चालू असेल तर हे औषध दुसऱ्या हाताच्या लाईनमधूनही देत नाहीत. मोठ्या माणसाला देता येतं, पण आरएल थांबवून, लाईन नॉर्मल सलाईनने नीट धुऊन, मगच. पावडर विरघळवायलाही आरएल वापरायचं नाही.

गर्दीच्या पहाटे एका खाटेवर दोघे बसलेले असतात, तिसरा जमिनीवर झोपलेला असतो. अशा वेळी लाईन धुवायला लागणारी ती दोन मिनिटं कोणालाही वाचवावीशी वाटतात. मॅडम वाचवू द्यायच्या नाहीत. टेस्ट डोस दिल्यावरही त्या पेशंटसमोरून हलायच्या नाहीत, आणि अ‍ॅड्रिनॅलिनचं अँप्युल हाताशी आहे का, हे आधी बघायच्या. अंगावर गांधी उठून श्वास अडकला तर पहिलं इंजेक्शन अ‍ॅड्रिनॅलिनचं, तेही मांडीच्या स्नायूत. एविल आणि डेक्सोना नंतर. हा क्रम त्या आमच्याकडून तोंडपाठ म्हणवून घ्यायच्या.

गोळ्यांचं शास्त्र त्याहून चिवट, कारण गोळी पेशंटच्या हातात गेली की आपला ताबा संपतो. पॅन्टोप्रॅझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायचं असतं. पोटातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाने जागे होतात आणि तेव्हा औषध रक्तात हजर असावं लागतं. आमच्याकडे त्याला सरसकट ‘गॅसची गोळी’ म्हणतात आणि जेवण जड झालं की घेतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचं दुखणं निराळं. अँटासिडमधलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम, लोहाच्या गोळीतलं लोह, दुधातलं कॅल्शियम या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं आणि रक्तात पोचूच देत नाही. त्यामुळे सिप्रो अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पेशंट मात्र “गोळी गरम पडती” म्हणून वर पेलाभर दूध पितो आणि पोट जळू नये म्हणून दोन चमचे अँटासिड घेतो. तीन दिवसांनी ताप तसाच. मग तो म्हणतो, औषध बदला.

डॉक्सिसायक्लिनचं एक कॅप्सूल घोटभर पाण्यासोबत गिळून धर्मशाळेत आडवा झालेला एक तरुण संध्याकाळी छातीला हात लावून आला. घासही उतरत नव्हता. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून विरघळलं की तिथे जखम होते. म्हणून ते भरपूर पाण्यासोबत घ्यायचं आणि निदान अर्धा तास बसून राहायचं. चालून चालून पाय मोडलेल्या माणसाला बसून राहा म्हणणं जिवावर येतं, पण ते म्हणावंच लागतं.

एका पौर्णिमेचा सर्वांत कठीण प्रसंग मात्र एका कॉलेजातल्या मुलीचा होता. वाटेत उलट्या झाल्या म्हणून तिला कुठेतरी इंजेक्शन दिलं होतं. काही तासांनी तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जबडा घट्ट झाला. तुळजापुरात, पौर्णिमेला, हे बघून लोक काय म्हणणार ते उघड आहे. आईने तिच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं होतं. सोबत आलेल्या एक आराधी बाई हात जोडून विचारत होत्या, “आई, काय चुकलं आमचं?”

मॅडमनी कोणाला दूर ढकललं नाही, कोणाशी वादही घातला नाही. त्या मुलीच्या कानाजवळ वाकल्या. “पोरी, ऐकू येतंय का? दुखतंय?” मुलगी रडत, दातांतूनच म्हणाली, “मान लई दुखतीय.” ती पूर्ण शुद्धीत होती, तिला सगळं कळत होतं. मॅडमनी आईला विचारलं, उलटीचं इंजेक्शन कोणतं होतं, काही कागद आहे का? पिशवीच्या तळाशी चिठ्ठी निघाली. मेटोक्लोप्रमाइड.

हे औषध उलटी थांबवतं ते मेंदूतल्या डोपामिनला अडवून. तोच डोपामिन स्नायूंची हालचालही सांभाळतो. लहान मुलं आणि तरुण, विशेषतः मुली, यांच्यात कधी कधी मान, डोळे, जीभ अशी आखडून येतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच हे दिसतं. डॉक्टरांनी फेनरगन लिहिलं. इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात मान सरळ झाली आणि मुलीने पाणी मागितलं. आराधी बाईंनी उदो उदो केला, मॅडमही हसून सामील झाल्या. मग त्यांनी औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आईच्या हातात दिलं. “हा कागद जपून ठेवा ताई. पुढं कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हा दाखवायचा.”

आज बहुतेक ठिकाणी उलटीला ऑन्डॅनसेट्रॉन देतात, त्याने असं सहसा होत नाही. औषधं अशी बदलत राहतात. आमच्या आधीच्या पिढीच्या ट्रेमध्ये रॅनिटिडीनचं इंजेक्शन हमखास असायचं. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. वॉर्डातले एक वयस्कर मामा तर अजून “पेन्सिलिन द्या, त्याच्यासारखं दुसरं न्हाई” म्हणायचे. त्यांच्या तरुणपणी ते खरंही होतं. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन देशातच बनू लागलं, ती त्यांची पिढी.

पण त्या सकाळी सर्वांत जास्त मागणी होती ती सलाईनची. “सिस्टर, एक बाटली लावा की, लगेच हुशारी येती.” ज्याला पिता येत होतं त्याच्या हातात मॅडम ओआरएसचा ग्लास द्यायच्या. तो नाक मुरडायचा. तेव्हा त्या बनगावची गोष्ट सांगायच्या. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालच्या सीमेवरच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपातून वाटायला सुरुवात केली. 30 टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर 4 टक्क्यांच्याही खाली आला. जुलाबातही आतड्याचं साखरेसोबत मीठ आत घेण्याचं दार उघडं राहतं आणि मिठामागे पाणी येतं, एवढ्यावर हे चालतं. आजच्या पुड्यात लिटरभर पाण्यासाठी 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. अर्धा पुडा ग्लासभर पाण्यात टाकला तर हे प्रमाण बिघडतं, म्हणून लिटरची बाटली आम्ही भरून दाखवायचो. लहान मुलांना त्यासोबत 14 दिवस झिंक.

साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. रक्त पडत असेल, ताप असेल, कॉलऱ्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. रक्त पडत असताना जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी तर घ्यायचीच नाही. तरी कित्येकांच्या खिशात आधीच दोन-तीन गोळ्यांची कापलेली स्ट्रिप असायची, कुठल्याशा दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे. सेफिक्झिमसारखी औषधं विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. यात्रेच्या गर्दीत नियमाची आठवण ठेवणारे थोडे.

डिस्चार्जच्या वेळी मॅडम पुरुषांना जरा बाजूला घ्यायच्या. बायको-मुलांसमोर “दारू घेता का?” विचारलं तर उत्तर एकच येतं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होऊ शकतो, उलट्या आणि धडधड सुरू होऊ शकते. म्हणून कोर्स संपल्यावरही तीन दिवस दारू बंद. तोंडाला लोखंडासारखी चव येईल, लघवी गडद होईल, घाबरून गोळी सोडू नका, हेही त्या सांगायच्या.

कानडी भाविकांशी बोलताना मात्र आमची पंचाईत व्हायची. अक्कलकोटची एक सिस्टर कानडीत चिठ्ठ्या लिहून द्यायची, आम्ही खाली चित्रं काढायचो: रिकामं ताट म्हणजे उपाशीपोटी, भरलेलं ताट म्हणजे जेवणानंतर, दुधाच्या पेल्यावर फुली. कलबुर्गीकडच्या एका आजींनी चिठ्ठी उलटसुलट बघितली, फुलीवर बोट ठेवलं आणि नातवाला काहीतरी विचारलं. नातू म्हणाला, “आजी विचारतीय, चहात दूध असतंय, ते चालतं का?” प्रश्न बरोबर होता. गोळीनंतर दोन तासांनी चहा, असं ठरलं, आणि पुढच्या चिठ्ठ्यांवर आम्ही पेल्याशेजारी एक कपबशीही काढू लागलो.