पॉजची पाच मिनिटं

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रंगीत टीव्ही मिळू लागले. आमच्याकडे आलेला टीव्ही थेट लाकडी पेटीत गेला. पेटीला दोन दारं, दारांना कडी, कडीला कुलूप आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. वन-डे असली की पेटी हमखास उघडी असायची. एरवी किल्ली मागायला जाणं म्हणजे रजेचा अर्ज घेऊन जाण्यासारखं.

कार्यक्रम चांगले असत, हे आधीच सांगून टाकतो. पुण्याची बालचित्रवाणी १९८४पासून आपल्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करत होती आणि ते दूरदर्शनवरून दिसत. त्याआधी १९७५-७६मध्ये ‘साइट’ प्रयोगात नासाच्या उपग्रहावरून सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोचला होता. पण त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे आम्हाला या सोयीचं अप्रूप जरा जास्तच. अडचण एकच, प्रक्षेपण कुणासाठी थांबत नाही. चुंबकाचा धडा दिवाळीनंतर आणि चुंबकाचा कार्यक्रम जुलैत, तोही ऐन प्रार्थनेच्या वेळी. त्यात लाइट गेली की त्या दिवसाचा विषयच संपला.

मग व्हीसीआर आला. “तुम्ही सायन्सचे, तुम्हीच बघा,” म्हणत हेडसरांनी यंत्र आणि कॅसेटचं कपाट माझ्या गळ्यात घातलं. आसपासच्या शाळांनाही कॅसेट द्यायच्या होत्या, म्हणजे लायब्ररीच झाली. काही कॅसेट विकतच्या, काही आम्हीच प्रक्षेपणावरून उतरवून घेतलेल्या. तीन तासांच्या एका कॅसेटवर नऊ-दहा कार्यक्रम बसत. कुठला कार्यक्रम कुठे आहे ते कार्डावर काउंटरच्या आकड्यात लिहून ठेवायचं, तर एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राला लागू पडत नसे. पलीकडच्या गावचे सर ‘बेडूक’ लावायला जात आणि ‘अपूर्णांक’ लागत. परत येणारी कॅसेट रिवाइंड केलेली असेल तर आम्ही त्या शाळेला मनातल्या मनात नमस्कार करायचो.

पावसाळा हा खरा शत्रू. फितीवर पांढरी बुरशी धरायची आणि तशी फीत लावली की यंत्राचं हेडही खराब. म्हणून कपाटात एक छोटा बल्ब दिवसरात्र पेटता ठेवला होता आणि कॅसेट आडव्या न रचता उभ्या लावल्या होत्या. शिपाईमामांना तो बल्ब पटत नसे. “रिकाम्या कपाटात उजेड कुणाला?” म्हणून ते विझवून जात. कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा दात मी आल्याबरोबर तोडून टाकायचो, म्हणजे तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. तरीही एक कॅसेट परत आली ती दाताच्या जागी सेलोटेप लावून. आत प्रकाशाच्या परावर्तनाऐवजी कुणाच्या तरी लग्नाची वरात होती.

दर महिन्याचा अहवाल वर जायचा. किती कॅसेट दिल्या, किती विद्यार्थ्यांनी पाहिल्या. मला त्यापेक्षा इश्यू रजिस्टरचा शेवटचा रकाना आवडायचा, ‘शेरा’. तिथे शिक्षक मोकळेपणानं लिहीत. ‘पहिली चार मिनिटं गाणं, पुढे न्यावं.’ ‘निवेदिका फार भरभर बोलतात.’ ‘दुसरीला जड, चौथीला चालेल.’ कॅसेट देताना मी कॅटलॉग कधी वाचून दाखवला नाही, हे शेरेच दाखवायचो.

आमच्याच पाचवीच्या वर्गातला एक तास सांगतो. मूग रुजण्याची फिल्म चालू होती. दाणा फुगला, फुटला, मोड वर आला, सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “बाई, खोटं आहे. आमच्या घरी चार दिवस लागतात.” बाईंनी पॉज दाबला. पडद्यावर मोड थरथरत उभा, मधून एक पांढरी आडवी रेघ. व्हीएचएसच्या पॉजमध्ये फीत थांबते, पण हेड फिरतच राहतं. एकाच जागी घासून फीत खराब होऊ नये म्हणून यंत्र साधारण पाच मिनिटांनी आपणच पॉज सोडतं. तेवढ्या वेळात बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. तासाला एक चित्र काढलं तर चार दिवसांची ९६ चित्रं. टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं जातात. म्हणजे चार दिवस किती सेकंदांत? उत्तर त्याच मुलानं दिलं, “चारला जरा कमी.” तेवढ्यात खट्ट आवाज होऊन यंत्र बंद पडलं. उरलेली फिल्म त्या दिवशी कुणी पाहिली नाही, मागितलीही नाही.

पुढे व्हीसीडी आल्या, ओरखडे पडून अडकू लागल्या. त्यांच्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. २०१७मध्ये ‘दीक्षा’ हे शालेय अभ्यासाचं ऑनलाइन व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले आणि त्याच वर्षी बालचित्रवाणी बंद झाली. २०२०मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. ती उपयोगी होती, मोबाइल नसलेल्या घरांत तर फारच. पण पुन्हा घड्याळ वाहिनीचं, आणि “खोटं आहे” म्हणायला समोर बाई नाहीत. आता मोबाइलवर हवं तेव्हा, हवं तितका वेळ थांबवता येतं. पण नातवंडांना मी पाहतो तर पॉज जेवायला हाक मारली की होतो, शंका आली म्हणून नाही. एकेकट्यानं पाहताना कुणाला विचारायचं? वर्गात चाळीस जणांसाठी कुणीतरी एकानं बटण दाबावं लागतं, आणि ते कधी दाबायचं हे यंत्र शिकवत नाही. अहवालात हा रकाना तेव्हा नव्हता, आताही नाही. आता ‘व्ह्यूज’ मोजतात.

व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६मध्ये थांबली. आमच्या कपाटातल्या कॅसेट शाळेनं मोडीत काढल्या तेव्हा काही मी रीतसर पावती करून घरी आणल्या. शहरात एक दुकानदार त्या डिजिटल करून देतो, तासाच्या हिशेबानं पैसे घेतो. पेन्शनीत सगळ्या बसत नाहीत. पहिल्या खेपेला मूग आणि बेडूक दिलेत. वरातवाली कॅसेटही त्यानं बाजूला काढून ठेवली आहे. म्हणतो, सर, अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे जास्त येतात.