अकरा फोटो

बाबांचा लिनक्स कॉम्प्युटर बाल्कनीतल्या जास्वंदीचा दर मिनिटाला एक फोटो काढायचा. वर्षाचे ५,२५,६०० फोटो, सगळे एकाच फोल्डरमध्ये. बाबा गेल्यावर जागा हवी म्हणून मी अकरा ठेवले, बाकीचे उडवले.

पुढे आईने ते फोटो मागितले. फोल्डर उघडायला मिनिटभर लागलं. आत अकराच.

‘‘हार्डडिस्क खराब झालीय गं,’’ मी म्हणालो. ते सोपं होतं.

रात्री तपासलं. डिस्क ठणठणीत. फोल्डर म्हणजे नावांची वही. ईएक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये फाइल पुसली की तिचं नाव खोडलं जातं, पण वहीची पानं कमी होत नाहीत. अकरा नावं शोधायला कॉम्प्युटर हजारो कोरी पानं उलटत होता.

उपाय साधा. नवं फोल्डर केलं, अकरा फोटो तिकडे हलवले, जुनं काढून टाकलं. आता फोल्डर क्षणात उघडत होतं. सबब संपली होती.

सकाळी आईला सांगितलं, ‘‘डिस्क चांगली आहे. फोटो मीच पुसले.’’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘अकरा कुठले ठेवलेस, दाखव.’’