मुरमावरची कबड्डी

ऐंशीच्या दशकात आमच्या देवळी-आर्वीकडच्या शाळांत मुलींच्या कबड्डीचं मैदान मुलीच आखायच्या. सुतळी ताणायची, चुन्याची फक्की मारायची. स्पर्धा ऐन पावसाळ्यात. काळी माती तळव्याला अशी चिकटायची की चढाईला निघालेल्या पोरीचा पाय उचलेना, म्हणून आदल्या संध्याकाळी मुरूम पसरायचा. त्या मुरमानं गुडघे सोलून निघत. खपली धरते न धरते तोच पुढचा सामना. वेण्या रिबिनीनं वर बांधलेल्या, ओढणी कमरेला आवळलेली, आणि घरून निघताना आजीचं ठरलेलं बोलणं, “पोरीच्या जातीनं मातीत लोळावं का व माय?” आम्ही लोळायचो. घोटा हाती लागला की समोरचीचा दम सुटेस्तोवर सोडायचा नाही. तो आनंद मला पुढं कशातच मिळाला नाही.

दहावी झाली की खेळ संपे. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली, हे मास्तर छाती फुगवून सांगत. पण बायकांचीही राष्ट्रीय स्पर्धा 1955 पासून होते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता पोरी मॅटवर खेळतात, जर्सी-शॉर्ट्स घालून. बाप मोटरसायकलवर सोडायला येतो आणि लेकीची चढाई मोबाईलवर टिपतो. ते बघताना माझे डोळे भरून येतात. 2010 मध्ये ग्वांगझूला महिला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली आणि सुवर्ण आपलंच. 2012 च्या पाटण्यातल्या विश्वविजेत्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ या तिघी महाराष्ट्राच्या. 2018 मध्ये जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत इराणनं 27-24 असं हरवलं, तो दिवस फार जड गेला. हांगझोऊत 2023 साली तैवानवर 26-25 अशी मात केली. त्या स्पर्धेतलं ते भारताचं शंभरावं पदक.

तरी एक सल आहे. पुरुषांची प्रो कबड्डी 2014 पासून गाजतेय. मुलींसाठी 2016 मध्ये तीन संघांची छोटी स्पर्धा तिच्यासोबत झाली, अंतिम सामना एका गुणानं सुटला, आणि पुढच्या मोसमात ती स्पर्धाच नव्हती. मुलींचं मैदान पुरुषांच्या 13 बाय 10 मीटरऐवजी 12 बाय 8, पण दम तेवढाच लागतो. चांगल्या खेळाडू मुलीनं रेल्वे-पोलिसांतल्या नोकरीकडेच का डोळे लावून बसावं? प्रो कबड्डीसारख्या लिलावात हिंगणघाटच्या एखाद्या पोरीवर बोली लागलेली मला याच डोळ्यांनी बघायचीय.