मूर्तिजापूरला न अडणारा

त्याचं पूर्ण नाव एक्स८६-६४-व्ही२-एईएस. आम्ही नुसतं व्ही-टू म्हणतो. प्रॉक्समॉक्समध्ये नवं व्हर्च्युअल मशीन उभं करताना प्रोसेसरचा प्रकार विचारला जातो. तिथे २०२३ च्या आठव्या आवृत्तीपासून हा आधीच निवडलेला असतो. त्याच्या आधी त्या जागी केव्हीएम-६४ बसायचा. तो पेंटियम-४ च्या वळणाचा, आणि एन्क्रिप्शनचं काम आलं की धापा टाकणारा.

व्ही-टू नावाची चिप बाजारात मिळत नाही. इंटेल, एएमडी, रेड हॅट आणि सुसे यांनी २०२० मध्ये प्रोसेसरच्या क्षमतांच्या पायऱ्या ठरवल्या, त्यातली ही दुसरी. साधारण २००८ च्या इंटेलच्या नेहेलम चिपइतकं त्याचं मागणं, वर एन्क्रिप्शनसाठी एईएसची जोड. घरात भाकर आणि ठेचा असला की त्याचं भागतं. नव्या घरात पुरणपोळी शिजलेली दिसली, तरी तो ताटात वाढून मागत नाही.

त्याची ही सवय मला आधी कमीपणाची वाटली होती. अमरावतीला आमच्याकडे दोन नवे सर्व्हर, तिसरा अकोल्याच्या शाखेतून आणलेला, २०१२ च्या पिढीतला झिऑन. मी सगळ्या मशीनना ‘होस्ट’ हा प्रकार दिला. म्हणजे खालच्या प्रोसेसरकडे जे जे आहे, ते सगळं वरच्या पाहुण्या मशीनला. वेग सुरेख मिळाला. मग एका रात्री दुरुस्तीसाठी डेटाबेसचं मशीन चालू स्थितीतच जुन्या सर्व्हरवर हलवलं. थोडा वेळ चाललं, आणि ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळलं.

कारण साधं आहे. प्रोसेसरला काय काय येतं, हे प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच विचारतो आणि तेच धरून चालतो. आपण वाटेत खालचं यंत्र बदललं, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याने सवयीने एव्हीएक्स-२ ची आज्ञा दिली. २०१२ च्या झिऑनला ती ठाऊकच नव्हती.

अकोल्याचा सहकारी एवढंच बोलला, “भाऊ, जे तिन्ही घरी हाये, तेच मांग नं.”

त्याचं म्हणणं मूर्तिजापूरवरून नीट कळतं. अकोला-बडनेरा रेल्वे प्रवासात मधे ते लागतं. मोठ्या लाइनच्या रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, अचलपूर-यवतमाळच्या शकुंतला या छोट्या गाडीचं ७६२. वऱ्हाडातला कापूस शकुंतलेतून यायचा आणि इथे माणसांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढायचा. रूळ जुळत नाहीत, तिथे माल उतरवावाच लागतो. चालू मशीनचा माल मात्र वाटेत उतरवता येत नाही. म्हणून व्ही-टू निघतानाच अशा मापाची चाकं लावतो, जी तिन्ही सर्व्हरांच्या रुळांवर बसतील.

त्यासाठी किती सोडावं लागतं? हिशेबाची सॉफ्टवेअरं, फाइल सर्व्हर, वेबसाइट यांना आमच्याकडे फरक जाणवला नाही. एईएस सोबत असल्याने एन्क्रिप्शनही अडत नाही. व्हिडिओचं किंवा मोठ्या आकडेमोडीचं काम असेल तर फरक पडतो. असं मशीन एका सर्व्हरवर बांधून ‘होस्ट’वर ठेवावं. आणि इंटेलवरून एएमडीवर चालू मशीन हलवायची वेळ आली, तर मी व्ही-टूच्याही भरवशावर राहणार नाही. ते बंद करूनच हलवीन.

तो कायमचा मुक्कामीही नाही. रेड हॅट लिनक्सची २०२५ ची दहावी आवृत्ती व्ही-थ्रीपासूनच सुरू होते; त्या दारात याला प्रवेश नाही. आमचा २०१२ चा झिऑन निवृत्त झाला की मीच व्ही-टूला उठवून व्ही-थ्रीला बसवणार आहे. तोवर जागा त्याचीच.

तुमच्याकडेही वेगवेगळ्या सालचे सर्व्हर असतील, तर आज प्रत्येक मशीनचा प्रकार तपासा. बदललात, तर मशीन पूर्ण बंद करून मग सुरू करा; आतून रीस्टार्ट दिल्याने नवा प्रकार लागू होत नाही.