नाही केलं तर?

2 सप्टेंबर
यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सीसॅटचा सराव पेपर तपासला. 80 प्रश्न, 200 गुण, पात्र ठरायला 66 हवेत. माझी 27 उत्तरं बरोबर, म्हणजे 67.5. पण 11 चुकली आणि चुकीमागे तिसरा हिस्सा कापतात, त्यात 9.17 गेले. उरले 58.33. अकरापैकी नऊ चुका इंग्रजी उताऱ्यांतल्या. 2015 पासून हा पेपर नुसता पात्रतेचा, म्हणून अभ्यासिकेत सगळेच त्याला हलक्यात घेतात. शेजारी हिंदी अनुवाद असतो, पण तो वाचला की इंग्रजीच सोपी वाटते.

5 सप्टेंबर
आज उतारा वनहक्क कायदा 2006 वर. त्यात चौथ्या कलमाचं पाचवं पोटकलम जसंच्या तसं. सुरुवातच ‘सेव्ह ॲज अदरवाइज प्रोव्हायडेड’. सेव्ह म्हणजे वाचवणं, एवढं कोणाला येत नाही! सरकार वनवासींना वाचवतंय, असं धरून अख्खं वाक्य लावलं आणि ते लागलंही. संध्याकाळी शब्दकोशात पार खाली सापडलं : ‘खेरीज, वगळून’.
अवघड शब्द दिसला की आपण थांबतो तरी. ओळखीचा शब्द गळ्यात हात टाकून भलत्याच गल्लीत नेतो. वहीत नवं पान काढलं, ‘ओळखीचे दगाबाज’. सेव्ह. हार्डली, ज्याचा आजचा अर्थ हार्डपेक्षा अगदी वेगळा. बट, कधीकधी नुसतं ‘फक्त’.

9 सप्टेंबर
रात्री लाईट गेली. आजोबा जुन्या गोष्टी सांगत बसले. आमचं किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांना कचेरीचा कागद उर्दूत यायचा आणि घरात उर्दू वाचणारं कोणी नव्हतं. कागद घेऊन ते गावातल्या एका जाणत्याकडे जायचे.
“तो सगळा वाचून दाखवायचा का?”
“सगळा कशाला? बापू चारच गोष्टी विचारायचे. कोणी करायचं? काय करायचं? कवापर्यंत? अन् नाही केलं तर?”

10 सप्टेंबर
ते चार प्रश्न घेऊन पाचव्या पोटकलमाकडे परत गेलो. कोणाला? वनजमिनीवर ताबा असलेल्या वनवासीला. काय? हटवायचं नाही. कवापर्यंत? इथं माझी चूक हाती लागली. मराठीत क्रियापद आलं की वाक्य संपलं. डोळ्याला तीच सवय, त्यामुळे ‘हटवायचं नाही’ आलं की तो सैल पडतो. इंग्रजीत मात्र खरी अट क्रियापदानंतर, शेपटीत बसलेली असते : ‘टिल’. हक्क तपासून मान्य करण्याची प्रक्रिया पुरी होईपर्यंत. मी खूण केली होती ‘कधीच हटवता येणार नाही’वर. आता वाक्य मराठीत उलटून घेतो, ‘पर्यंत’ आधी, ‘नाही’ शेवटी.

13 सप्टेंबर
तोच उतारा शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला दिला. तो कोलामपोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, सायकलने येतो. इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, पण त्याने अर्ध्या मिनिटात बरोबर पर्यायावर बोट ठेवलं.
“कसं ओळखलंस?”
“आमचा वनहक्काचा दावा पडताळणीतच आहे अजून,” तो म्हणाला आणि पान उलटलं.
मी शब्दकोश बंद केला.

17 सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन. नव्या सराव पेपरात 71.67. उताऱ्यांत फक्त तीन चुका.
दुपारी मित्र वडिलांना घेऊन घरी आला. हातात दाव्याबद्दलचा कागद, शुद्ध मराठीत. ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘संदर्भाधीन’, ‘यथावकाश’. इंग्रजी उतारा परवडला. आजोबांनी चष्मा लावला, थोडं वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.
“विचार चार गोष्टी.”
कोणी करायचं, ते सापडलं. काय करायचं, तेही. तिसऱ्या प्रश्नापाशी मी कागद पुढून-मागून दोनदा पाहिला. तारीख कुठेच नव्हती.