झुलीखालची पाठ

घोड्यावर बसण्याचा योग माझ्यासारख्या मास्तराला आयुष्यात एकदाच येतो, तोही लग्नात. मारुतीच्या देवळापाशी घोडी आली तेव्हा तिचा थाट माझ्याहून भारी होता. अंगावर जरीच्या काठांची लाल मखमली झूल, कपाळावर कलगी, गळ्यात घुंगुरमाळ. मामा म्हणाले, "बस रे, मुहूर्त टळतोय!"

रिकिबीत पाय घालून भार दिला, तोच घोडीची पाठ थरथरून खाली दबली. घोडेवाल्याने घाईघाईने झूल सारखी केली; पण तेवढ्यात मला दिसायचे ते दिसले. खोगिराच्या कडेखाली तळहाताएवढी ओली जखम होती.

खोगीर म्हणजे मुळात लोकर, कापूस नाहीतर चिंध्या भरलेली गादी. ती नीट भरलेली असली, म्हणजे बसणाऱ्याचा भार कण्यावर न येता दोन्ही अंगांच्या मांसल भागावर पडतो. भरण दबून गोळा झाले, की तेच खोगीर पाठ सोलते. आपण मात्र 'खोगीरभरती' हा शब्द हिणवण्यासाठी वापरतो! घोड्याला विचाराल तर तो म्हणेल, "जरीचे राहू द्या, भरतीचे तेवढे पाहा."

मी उतरलो. मामा संतापले. पुढे मोकळी घोडी, मागे बाशिंग बांधलेला पायी नवरदेव, अशी आमची वरात निघाली. ठरलेले पैसे हाती घेताना घोडेवाला हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही उतरलात, उद्या दुसरा बसेल. लग्नसराईत घोडी बांधून ठेवली, तर वर्षभर खायचे काय?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

आषाढीच्या वारीत अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व रिंगणात धावतात. एकावर स्वार असतो. दुसरा सजलेला, पण पाठ मोकळी. तिथे माउली बसतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्याला पाहिले, की ती घोडी आठवते.

घोड्याच्या अंगावरच्या कवचाला पूर्वी पाखर म्हणत. तोच शब्द आपण पुढे मायेला लावला. झूल मिरवण्यासाठी, पाखर राखण्यासाठी.

धाकट्या भावाच्या लग्नात मी आधी झूल उचलली, खोगिराखाली हात घालून पाहिला. पाठ कोरडी, निरोगी होती. मग मीच ओरडलो, "बस रे, मुहूर्त टळतोय!"