चारशे कौलं

दापोली तालुक्यात मी पडकी घरं विकत घेत असे आणि दुरुस्त करून मुंबई-पुण्याच्या माणसांना विकत असे. २०१५ ते २०२२ एवढ्या काळात पाच घरं माझ्या हातून गेली. जुनी घरं मी वाचवतो, असं मी सांगायचो. नुसतं सांगायचो नाही, मला ते मनापासून वाटायचं. नवा मालक पडवीत झोपाळ्यावर बसलाय, शेजारची म्हातारी कुंपणावरून त्याची विचारपूस करतेय, हे बघून माझा ऊर भरून यायचा. आज मी घरं घेत नाही. का घेत नाही हे लिहायला वेळ लागला, कारण त्यातली एक गोष्ट मी घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

आधी घर पडतं कसं ते सांगतो. लोकांना वाटतं, घर म्हातारं झालं म्हणून पडतं. तसं नाही. शंभर वर्षांचं जांभ्याचं जोतं आणि ऐन-किंजळीचे खांब कोरडे राहिले तर आणखी दोन पिढ्या सहज काढतील. घर पडतं ते वरून. बंद घरावरून वानरांचा कळप जातो, माडाची एखादी चुडत कोसळते, दोन कौलं फुटतात, चार सरकतात. माणूस राहत असेल तर संध्याकाळच्या आत शिडी लागते. बंद घरात ते भोक तसंच राहतं. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पहिल्या पावसाळ्यात रिपा कुजतात. दुसऱ्यात वाशाला वाळवी लागते. तिसऱ्यात पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर येतं. मातीच्या भिंतीला पायाशी थोडी ओल चालते, माथ्यावर पाणी अजिबात चालत नाही. एखाद्या रात्री ती बसते. सकाळी बघावं तर देवघराचा कोनाडा उघड्यावर, आणि त्यात कधीकाळची पणती.

म्हणून तर मृग लागायच्या आत घर शाकारायचं, ही आमच्याकडची रीत. आंबे संपत आले की माणसं छपरावर दिसायला लागायची. एकेक कौल उचलायचं, झाडायचं, फुटकं बदलायचं, रीप चाचपायची. चार खोल्यांच्या घराला चार माणसं आणि तीन दिवस. त्यापलीकडे काही लागत नाही.

हे गणित मला पाठ होतं आणि माझा धंदा त्यावरच चालायचा. छप्पर धड असलेल्या घराचा मालक घराचा भाव सांगतो. भिंत बसली की तो जमिनीचा भाव सांगतो, आणि तोही खालच्या आवाजात. म्हणून मी थांबायचो. बोलणी मे महिन्यात सुरू करायची आणि दिवाळीला संपवायची. मधला पावसाळा माझ्या बाजूने काम करायचा. त्याला मी धीर धरणं म्हणायचो. घरं वाचवणारा माणूस घर पडायची वाट बघतोय, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

विकतानाही मी सगळं खरं सांगितलं असं नाही. आमच्याकडच्या मंगळुरी कौलांपैकी एखादं उलटं केलं की पाठीवर ठसा सापडतो: बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हा आकडा. गिऱ्हाईक त्या आकड्यावरून अंगठा फिरवत बसायचं. बघा, दीडशे वर्षांचं घर, असं मी म्हणायचो. १८६५ हे मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते वर्ष. कौल त्यानंतर किती वर्षांनी भाजलं, आणि ते ज्या घरावर चढलं ते कधीचं, हे त्या ठशावरून कळत नाही. मला हे माहीत होतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं. केळशी, आंजर्ले, हर्णै या आमच्या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या आणि घरांची कौलं पत्त्यांसारखी उडाली. वीज कितीतरी दिवस नव्हती. वर टाळेबंदी, त्यामुळे मुंबईच्या चाकरमान्यांना येताही येईना. जे गावात होते त्यांनी ताडपत्री, चुडतं, मिळेल ते वर घातलं आणि मग एकेक कौल जमवत घर झाकून घेतलं. बंद घरं मात्र आभाळाखाली उघडी पडली आणि पाऊस तर दारात आलेला.

त्या आठवड्यात मला एका आत्याचा फोन आला. आमच्या शेजारच्या वाडीतली माहेरवाशीण, म्हणून आम्हा सगळ्यांची आत्या. नवरा लालबागच्या गिरणीत होता, तो गेला. आता ती मुलाकडे नालासोपाऱ्याला असते. माहेरच्या घराला भाऊ उरले नव्हते आणि भाचे लक्ष देत नव्हते. किल्ली हिच्याकडे. वर्षातून एकदा येऊन ती घर झाडून, सारवून जायची.

"अरे, माजघरावरची कौलं गेलीत म्हणतात," ती म्हणाली. "तेवढी घालून दे रे बाबा. पैसे मी पाठवते. माजघर वाचलं की घर वाचलं."

"आत्या, कौलं मिळतच नाहीत," मी सांगितलं. "सगळ्या तालुक्यात तीच ओरड आहे."

ओरड होती, खोटं नव्हतं. भाव रोज चढत होता आणि माणसंही मिळत नव्हती. पण माझ्या आवारात, विहिरीच्या कडेला, आधीच्या घराची उतरवलेली चारशे कौलं रचून ठेवलेली होती. पुढच्या घरासाठी ती मला हवी होती. फोनवर बोलताना ती माझ्या डोळ्यांसमोर होती. फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं, की एकाला दिली की दहा जण दारात येतील, आणि हे घर तरी कुठे कुणी राहायचं आहे.

जुलैच्या अखेरीस माजघराची मागची भिंत बसली. श्रावणात तिच्या शेजारची गेली. दिवाळीनंतर मी ते घर घेतलं. कागदपत्रांत नावं बरीच होती. कुणी अंधेरीत, कुणी बडोद्याला. सगळ्यांच्या सह्या जमवायला दोन महिने गेले. आत्याची सही सर्वांत शेवटी झाली. निबंधक कार्यालयाच्या पायरीवर चप्पल घालता घालता ती एवढंच म्हणाली, "माजघरातली व्हायन तेवढी राहू दे. आईने तिच्यात जन्मभर कांडलंय." व्हायन म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. मी हो म्हटलं.

मग काम सुरू झालं. पडलेल्या भिंतींच्या जागी चिऱ्याच्या नव्या भिंती सिमेंटात उभ्या केल्या. शिल्लक जुन्या भिंतींचा मातीचा गिलावा खरवडून काढला आणि आतबाहेर सिमेंटचा जाड गिलावा केला, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिकचा रंग. चुलीच्या काजळीने काळे कुळकुळीत झालेले वासे घासून पिवळे केले आणि पॉलिश मारलं. जमीन सारवणाची होती, तिच्यावर काँक्रीट ओतून चकचकीत लाद्या बसवल्या. व्हायन त्या लाद्यांखाली गेली. लेव्हल येत नव्हती. आत्याला मी कळवलं नाही. २०२२ च्या सुरुवातीला पुण्याचं एक जोडपं ते घर घेऊन खूश होऊन गेलं, आणि मीही खूश होतो.

२०२३ च्या सप्टेंबरात त्या बाईंचा फोन आला. भिंतीतून मीठ येतंय, म्हणाल्या.

मी आमच्या जुन्या गवंड्याला बरोबर घेऊन गेलो. तो सत्तरीच्या पुढचा. हल्ली काम करत नाही, पण बोलावलं की येतो. भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. रंगाला फोड आले होते. बोटाने दाबला की फुटून आतून पांढरी भुकटी गळायची. गवंड्याने थापीच्या दांड्याने भिंत ठोकत ठोकत पुढे नेली. बराच वेळ पोकळ आवाज येत राहिला. मग तो तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे थांबला. कमरेचा कोयता, आमच्याकडे नारळ सोलायला असतो तो, त्याने तुळईच्या तोंडाशी टेकवला आणि नुसता हाताने दाबला. पातं बोटभर आत गेलं. लाकूड ओल्या केकसारखं झालं होतं. ही तुळई मी घर घेतलं तेव्हा ठणठणीत होती. तिच्या टोकाभोवती आम्हीच सिमेंट थापून ते बंद केलं होतं.

"पानी भितीत शिरायचंच," तो म्हणाला. "जमिनीतनं चढतं, वरनं झिरपतं. ते थांबवायला जाऊ नये. भायेर यायला वाट ठेवावी."

जांभा सच्छिद्र दगड. तो आणि माती पावसात ओल पितात आणि ऊन पडलं की सोडतात. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा त्या येण्याजाण्याला आड येत नाही. सिमेंटचा कडक थर आणि वर प्लास्टिकचा रंग आला की ओल भिंतीत कोंडते. मग ती मीठ बरोबर घेऊन, जिथे फट सापडेल तिथून बाहेर पडते, नाहीतर लाकडात शिरते. चुन्याचं उलटं आहे. पूर्वी खाडीकाठी कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करत. तो पाण्यात विझवून मुरत ठेवायचा, वाळूबरोबर मळायचा. भिंतीवर लावला की तो हवेतला कर्बवायू ओढून घेत सावकाश, महिनोन्‌महिने घट्ट होतो. सिमेंटएवढा टणक कधीच होत नाही. घर जरासं हललं तर तोही हलतो. जो मातीचा गिलावा मी कच्चा समजून खरवडून टाकला, तो भिंतीचं संरक्षण होता. आणि वाशांवरची काजळी मी घाण म्हणून घासली, तिच्यामुळे किडा लांब राहत होता. आता पॉलिश मारलेल्या वाशांखाली रोज सकाळी पिवळ्या भुशाच्या लहान लहान ढिगल्या पडतात. पुण्याच्या बाईंनी त्या मला केरसुणीने गोळा करून दाखवल्या.

परत येताना गाडीत गवंडी बराच वेळ बोलला नाही. आसूद मागे पडल्यावर म्हणाला, "त्या भिती पडल्याच नसत्या." मग थोडं थांबून, "तवा आपल्या आवारात कौलं व्हती."

ती कौलं विहिरीच्या कडेला त्यानेच रचली होती. तो एवढंच बोलला. तीन वर्षं त्याला ठाऊक होतं आणि मला वाटत होतं की मला एकट्यालाच ठाऊक आहे.

माझ्याबरोबर धंद्यात असलेले लोक म्हणतात, तू नसतं घेतलं तर दुसऱ्याने घेतलं असतं, नाहीतर तिथे आज नुसतं जोतं दिसलं असतं आणि त्यावर घाणेरी. ते खरं आहे. तीस वारसांच्या घराची शाकारणी कुणी करायची, हा प्रश्नही खरा आहे. सगळ्यांचं घर ते कुणाचंच नाही. पण मी उत्तर फार लवकर शोधलं, आणि मला परवडेल असं शोधलं. आता मला असं वाटतं, की घर वाचवायची वेळ ते पडायच्या आधी असते. तेव्हा त्याला माझ्यासारखा घेणारा लागत नाही, शिडी लागते आणि शे-दोनशे कौलं लागतात. घेणारा लागलाच तर त्याने वैशाखात यावं, छप्पर वर असताना यावं आणि घराची किंमत मोजावी. घर घेणं वाईट, असं मी म्हणत नाही. मी ज्या वेळेला घेत होतो ती वेळ वाईट होती.

गेल्या दोन वर्षांपासून मी शाकारणीची कामं घेतो. यंदा माझ्या वहीत एकोणीस बंद घरं आहेत. मालक मुंबई, ठाणे, सुरत इथे असतात. घरटी एक जण पुढाकार घेतो, मोबाईलवर भावकीची वर्गणी जमते, न जमली तर एखादी मावशी एकटीच भरते. आम्ही मेमध्ये चढतो, गणपतीच्या आधी एकदा दारं-खिडक्या उघडून घराला वारा दाखवतो, माळ्यावर वाळवी बघतो. डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल, रिपांना लावतो. पैसे पूर्वीच्या मानाने फार कमी मिळतात. बायकोने एकदा हिशेब मांडून दाखवला आणि मग वही मिटून ठेवली.

पुणेकरांच्या त्या घराची एक भिंत मी माझ्या खर्चाने सोलून काढली. सिमेंट निघताना जांभ्याचे टवके निघत होते, ते बघवत नव्हतं. कळीचा चुना आणून आम्ही खड्ड्यात विझवला, गवंड्याने देखरेख केली, आणि ती भिंत आता कोरडी होत चालली आहे. बाकीच्या भिंतींचं काय करायचं ते घरमालकांच्या हातात आहे. माजघरातल्या चार लाद्या त्यांच्या परवानगीने उचलून बघितल्या. व्हायन आहे, पण आमच्या काँक्रीटने गळ्यापर्यंत भरलेली.

त्या लाद्या परत बसवल्या त्याच संध्याकाळी मी आत्याला फोन केला. व्हायनीचं आधी सांगितलं. मग म्हटलं, "आत्या, वादळ झालं तेव्हा तू कौलं मागितली होतीस. माझ्या आवारात चारशे कौलं होती."

पलीकडे मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबला.

"किती?"

"चारशे."

"आमच्या माजघराला दोनशेपण लागली नसती," ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "आता कुठायत ती?"

त्या घरानंतर घेतलेल्या घराच्या गोठ्यावर घातली, असं मी सांगितलं.

"गळतो काय गोठा?"

"नाही."

"बरं," आत्या म्हणाली, आणि सुनेला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.